एका तासाची चूक : उन्हाळी वेळेनंतर संगणकाचे घड्याळ दुरुस्त करताना

अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास पुढे नेली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता ती पुन्हा एक तास मागे आणली जातात. या व्यवस्थेला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात आणि मराठीत तिच्यासाठी ‘उन्हाळी वेळ’ हा शब्द पुरेसा आहे. अशा रविवारनंतरच्या सोमवारी कचेऱ्यांतील तांत्रिक मदतकेंद्रांकडे येणारी तक्रार बहुधा एकाच साच्याची असते : संगणक बरोबर एक तास चुकीची वेळ दाखवतो, आणि ‘सिंक नाऊ’ हे बटण कितीही वेळा दाबले तरी तो ढिम्म हलत नाही. बटण बिघडलेले नसते. ज्या कामासाठी ते दाबले जाते, ते काम मुळात त्याचे नाही, आणि ही गोष्ट एकदा लक्षात आली की दुरुस्तीचा अर्धा मार्ग संपतो.

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारी वेळ ही एका यंत्राची नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येऊन तयार होते. पहिली गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरील लहानसे घड्याळ, ज्याला रिअल टाइम क्लॉक किंवा आरटीसी म्हणतात. ते सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालते आणि संगणक बंद असताना त्याला सहसा रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या ३ व्होल्टच्या सेलमधून वीज मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे संगणक चालू झाल्यावर विंडोज, लिनक्स किंवा मॅक ही प्रणाली स्वतः चालवते ते घड्याळ. हे घड्याळ आतून यूटीसी, म्हणजे समन्वित जागतिक वेळ, मोजत असते. ही वेळ जगभर एकच आहे आणि तिच्यात उन्हाळा-हिवाळा असा भेद नाही. तिसरी गोष्ट घड्याळ नव्हेच. तो एक नियमांचा तक्ता आहे, ज्यात अमुक टाइम झोनमध्ये यूटीसीत किती तास मिळवायचे किंवा वजा करायचे आणि कोणत्या तारखेपासून ते प्रमाण बदलायचे, हे लिहिलेले असते. न्यूयॉर्कसाठी हिवाळ्यात यूटीसीतून पाच तास वजा होतात, उन्हाळ्यात चार. रविवारी पहाटे दोन वाजता संगणकात बदलतो तो एवढाच आकडा. आतली मोजणी एका क्षणासाठीही पुढेमागे होत नाही.

इंटरनेटवरून वेळ आणणारी पद्धत नेटवर्क टाइम प्रोटोकॉल किंवा एनटीपी या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती १९८० च्या दशकात घडवली, आणि तिच्यातून फक्त यूटीसी येते. टाइम झोन कोणता, तिथे उन्हाळी वेळ लागू आहे की नाही, याबद्दल वेळ देणारा सर्व्हर एक अक्षरही सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. म्हणून तक्त्यातला आकडा चुकला असेल तर जगातल्या सर्वांत अचूक सर्व्हरशी जोडणी केली तरी पडद्यावरची वेळ तासाभराने चुकलेलीच राहणार.

तेव्हा कोणत्याही बटणाला हात लावण्यापूर्वी फरक किती आहे तो मोजावा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तेथील सरकारी ‘टाइम डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ उघडून त्यावरील आपल्या झोनची वेळ आणि संगणकाची वेळ सेकंदांसह शेजारी ठेवून पाहावी. फरक अगदी नेमका एक तास असेल आणि मिनिटे-सेकंद तंतोतंत जुळत असतील, तर घड्याळ उत्तम चालले आहे आणि दोष टाइम झोन किंवा नियमांच्या तक्त्यात आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. फरक ७ मिनिटे, ४३ सेकंद, एक तास ११ मिनिटे असा वेडावाकडा असेल, तर घड्याळच सरकले आहे आणि समक्रमण, म्हणजे सर्व्हरशी वेळ जुळवून घेण्याची क्रिया, खरोखर बंद पडली आहे. दोन्ही दोष एकाच वेळी असणे शक्य असते; अशा वेळी आधी मिनिटांचा दोष काढावा, मग तासाचा.

याउलट, बहुतेकांचा हात सर्वप्रथम जातो तो वेळ स्वतः टाइप करण्याकडे, आणि इथेच ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार घडतो. समजा न्यूयॉर्कमधील संगणकाने मार्चमध्ये उन्हाळी वेळ लावलीच नाही आणि सकाळचे नऊ वाजले असता तो आठ दाखवत आहे. वापरणाऱ्याने आठाचे नऊ केले. पडद्यावर आता बरोबर वेळ दिसते, पण तक्ता अजून पाच तास वजा करत असल्याने आतली यूटीसी एक तास पुढे गेलेली असते. म्हणजे जो भाग ठणठणीत होता तोच बिघडवला गेला. त्या संगणकावरून पाठवलेल्या ईमेलवर एक तास पुढची वेळ उमटते. एकदाच वापरायचा ओटीपी तयार करणारे ॲप त्याच संगणकावर असेल, तर ते दर ३० सेकंदांना बदलणारा आकडा यूटीसीवरूनच काढत असल्यामुळे ओटीपी नाकारला जाऊ लागतो. कचेरीच्या विंडोज डोमेनमध्ये ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांपेक्षा जास्त तफावत मान्य करत नाही, त्यामुळे सामायिक फोल्डर आणि प्रिंटर अचानक परके होण्याची शक्यता असते. आणि एवढे करूनही पुढच्या समक्रमणात सर्व्हर खरी यूटीसी देतो, नवाचे पुन्हा आठ होतात, आणि ‘संगणक आपोआप वेळ बिघडवतो’ अशी नवी तक्रार जन्माला येते. काही लिनक्स यंत्रांवर तर परतीची वाटही बंद होते, कारण त्यांच्यावरील ‘एनटीपीडी’ हा जुना कार्यक्रम १,००० सेकंदांपेक्षा मोठा फरक दिसला की काहीतरी भलतेच घडले आहे असे मानून दुरुस्ती न करता बंद पडतो, आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद.

फरक नेमका तासाचा निघाला तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम असे जावे आणि तिथे दोन नोंदी पाहाव्यात : निवडलेला टाइम झोन कोणता आहे, आणि ‘ॲडजस्ट फॉर डेलाइट सेव्हिंग टाइम ऑटोमॅटिकली’ हा खटका चालू आहे का. खटका बंद असेल तर तो चालू करताच काम होते. टाइम झोनची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी लागते, कारण तिच्यात प्रत्येक नावापुढे कंसात दिलेला यूटीसीपासूनचा फरक हा वर्षभर प्रमाणवेळेचाच, म्हणजे हिवाळ्याचाच असतो. न्यूयॉर्कच्या ‘ईस्टर्न टाइम’पुढे ऐन जुलैतही ‘उणे पाच’ असेच लिहिलेले दिसते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क यूटीसीच्या चार तास मागे असते हे ठाऊक असलेला दक्ष माणूस ‘उणे चार’ शोधत ‘अटलांटिक टाइम’वर जाऊन थांबतो आणि नवीन चूक करून बसतो. डेन्व्हरमध्ये ‘माउंटन टाइम’ निवडायला हवा, पण त्याच ‘उणे सात’च्या रांगेत ‘ॲरिझोना’ही असते, आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळी वेळ पाळत नसल्याने ते नाव निवडणाऱ्याचा हिवाळा बरोबर जातो आणि उन्हाळा चुकतो. लंडनचा सापळा याहून फसवा आहे. ‘डब्लिन, एडिंबरा, लिस्बन, लंडन’ या नोंदीच्या आसपासच ‘कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम’ ही नोंद असते; ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत दोन्हींची वेळ सारखीच असते, म्हणून चूक पाच महिने झाकून राहते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी उघडी पडते. थोडक्यात, कंसातला आकडा वाचू नये. गावाचे नाव वाचावे.

मॅकवर हीच तपासणी सिस्टिम सेटिंग्जमधील जनरल आणि त्याखालील डेट अँड टाइम या ठिकाणी होते, आणि तिथे जवळचे शहर निवडले की उन्हाळी वेळेचा वेगळा खटका शोधावा लागत नाही.

टाइम झोन बरोबर, खटका चालू, तरीही तासाचा फरक, अशी अवस्था असेल तर तक्ता जुना झाला आहे असा संशय घ्यावा. उन्हाळी वेळेचे नियम निसर्गाने नव्हे, सरकारांनी ठरवलेले असल्यामुळे ते बदलतात, आणि कधीकधी फार थोड्या मुदतीत बदलतात. अमेरिकेने २००५ साली कायदा करून २००७ पासून उन्हाळी वेळ एप्रिलऐवजी मार्चमध्ये सुरू केली आणि तिचा शेवट ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारवरून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर नेला. ज्या संगणकांत जुना तक्ता राहिला, ते त्या वर्षी मार्चमध्ये तीन आठवडे आणि शरदात आठवडाभर एक तास चुकत राहिले. त्या बदलाला निदान दीड वर्षाची पूर्वसूचना होती. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकल्याचे ऐन तोंडावर जाहीर केले, देशातील काही संस्थांनी तो निर्णय पाळला आणि काहींनी धुडकावला, आणि काही दिवसांतच सरकारला तो मागे घ्यावा लागला. जगभरच्या टाइम झोनच्या नियमांचा जो सामायिक तक्ता लिनक्स, अँड्रॉइड, मॅक अशा अनेक प्रणाली वापरतात, आणि ज्याचा पाया आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी घातला, त्याची एकट्या लेबनॉनपायी त्या एका आठवड्यात दोनदा नवी आवृत्ती काढावी लागली : एक निर्णय नोंदवण्यासाठी, दुसरी तो पुसण्यासाठी. (याच तक्त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीखाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारताचे घड्याळही एक तास पुढे नेले होते, हे आजही नमूद आहे.)

नियमांचा तक्ता विंडोजला नेहमीच्या अपडेटबरोबर मिळतो आणि लिनक्समध्ये ‘टीझेडडेटा’ नावाच्या पॅकेजमधून येतो. त्यामुळे ज्या यंत्रांवर वर्षानुवर्षे अपडेट बंद ठेवलेले असतात, उदाहरणार्थ कारखान्यातील नियंत्रण संगणक किंवा हजेरीचे यंत्र, तिथे हा दोष हमखास सापडतो. मात्र प्रणालीचा तक्ता नवा केला म्हणजे सगळे झाले असे नाही. जावा स्वतःचा वेगळा तक्ता बाळगते, काही डेटाबेसही बाळगतात. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ बरोबर आणि फक्त एकाच कार्यक्रमात ती तासाने चुकलेली, असे दृश्य दिसले की त्या कार्यक्रमाच्या पोटातला तक्ता जुना आहे हे ओळखावे आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये खटपट करत बसू नये.

लिनक्सवर निदान करणे तुलनेने सोपे आहे, कारण ‘टाइमडेटसीटीएल’ ही एकच आज्ञा तिन्ही थर उलगडून समोर ठेवते. तिच्या उत्तरात पहिल्या ओळीत स्थानिक वेळ येते, दुसरीत यूटीसी, तिसरीत मदरबोर्डवरील आरटीसीची वेळ, चौथीत टाइम झोन. त्यापुढे घड्याळ सर्व्हरशी जुळलेले आहे का आणि जुळवणारी सेवा चालू आहे का, हे ‘येस’, ‘नो’, ‘ॲक्टिव्ह’ अशा शब्दांत सांगितले जाते. शेवटची ओळ ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ अशी असते आणि तिच्यापुढे ‘नो’ असणे चांगले. उत्तर वाचताना यूटीसीची ओळ प्रथम पडताळावी. ती खरी असेल तर चौथ्या ओळीखेरीज दुसरीकडे पाहण्याचे कारण उरत नाही. ती चुकली असेल तर जुळवणीच्या ओळींकडे वळावे.

शेवटच्या ओळीचे महत्त्व एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना कळते. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ आहे असे गृहीत धरते, लिनक्स तिथे यूटीसी आहे असे धरते, आणि दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे त्यात लिहितात. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर हा वाद बरोबर साडेपाच तासांची चूक होऊन दिसतो. उन्हाळी वेळेचा वाराही न लागलेल्या पुण्यात-नाशकात हीच तक्रार फार ऐकू येते. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशात, तडजोड म्हणून लिनक्सलाही आरटीसीत स्थानिक वेळ ठेवायला सांगितले असेल, तर काटे पुढे नेण्याची जबाबदारी नेमकी कोणी पार पाडली हे एकाला दुसऱ्याकडून कळत नाही. एकाच यंत्रावर दोन विंडोज असतील तर दोघीही एकेक तास पुढे नेऊन दोन तासांची चूक करू शकतात. लिनक्स स्वतःच या मांडणीविरुद्ध इशारा देते. योग्य उपाय विंडोजच्या बाजूने करावा : तिच्या रजिस्ट्रीत टाइम झोनच्या माहितीखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद करून तिची किंमत १ ठेवली की विंडोजही आरटीसीला यूटीसी मानू लागते. रजिस्ट्रीत बदल करण्यापूर्वी तिची प्रत राखून ठेवावी.

आता वेड्यावाकड्या फरकाकडे, म्हणजे समक्रमण खरोखर बंद पडल्याच्या प्रसंगाकडे. संगणक प्रत्येक वेळी बंद करून चालू केल्यावर वेळ मागे पडत असेल किंवा तारीख कित्येक वर्षे मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरील सेल संपला आहे; तो बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाचा असतो आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. अशा यंत्रावर वेळ हाताने टाइप करणे मात्र रास्त ठरते, कारण घरगुती विंडोज १५ तासांपेक्षा मोठा फरक सर्व्हरने सांगितला तरी स्वीकारत नाही. आधी तारीख-वेळ ढोबळमानाने लावावी, मग ‘सिंक नाऊ’ दाबावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यू३२टीएम’ या आज्ञेला ‘क्वेरी’ आणि ‘स्टेटस’ ही पदे जोडून विचारले असता ‘सोर्स’ या शब्दापुढे वेळ कुठून येते ते दिसते. तिथे एखाद्या सर्व्हरचे नाव असेल तर जोडणी आहे; ‘लोकल सीएमओएस क्लॉक’ असे असेल तर संगणक बाहेर कोणालाही विचारत नसून मदरबोर्डवरील त्या लहानशा घड्याळावर विसंबून आहे. याची दोन नेहमीची कारणे म्हणजे विंडोज टाइम ही सेवा बंद असणे, आणि एनटीपी ज्या वाटेने ये-जा करते तो १२३ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट फायरवॉलने अडवलेला असणे.

कचेरीच्या डोमेनमधील संगणकांची गोष्ट वेगळी आहे. ते इंटरनेटला न विचारता डोमेन कंट्रोलरला विचारतात, आणि सगळे कंट्रोलर शेवटी पीडीसी एम्युलेटर ही भूमिका पार पाडणाऱ्या एकाच सर्व्हरकडे पाहतात. तो चुकला तर सगळी कचेरी एकजुटीने चुकते, आणि म्हणून दुरुस्ती तिथेच करावी, शंभर टेबलांवर नव्हे. तो सर्व्हर आभासी यंत्र असेल तर एक आणखी तपासणी लागते : ज्या मूळ यंत्रावर तो चालतो तेही त्याला वेळ पुरवत असते, आणि एनटीपीही पुरवत असते. दोन गुरू एकाच शिष्याला उलटसुलट शिकवू लागले की घड्याळ मागेपुढे हेलकावे खाते. यापैकी एकच स्रोत ठेवावा. भारतातील संस्थांसाठी स्रोताची निवड ऐच्छिकही राहिलेली नाही, कारण सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार त्यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे.

घड्याळाचा दोष नसताना त्याच्यावर आळ येतो असेही काही प्रसंग आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांना तेच जास्त भेटतात. न्यू जर्सीतील व्यवस्थापकाने दर मंगळवारी सकाळी साडेआठला ठेवलेली बैठक पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी सातला येते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर सहाला, कारण कॅलेंडर ती बैठक आयोजकाच्या टाइम झोनला बांधून ठेवते. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलत असल्याने मधले दोन किंवा तीन आठवडे लंडनच्या बैठका जागच्या जागी आणि अमेरिकेच्या तेवढ्या सरकलेल्या, असा गोंधळ दिसतो; ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर तो उलट्या क्रमाने पुन्हा आठवडाभर दिसतो. दोन्ही वेळा कॅलेंडर बरोबर असते. तसेच पेनड्राइव्हवर वापरली जाणारी फॅट ही जुनी साठवण पद्धत फाइलची वेळ स्थानिक वेळेत लिहिते, तर विंडोजची एनटीएफएस ती यूटीसीत लिहिते. उन्हाळी वेळ लागताच दोन प्रतींच्या वेळा एकमेकींपासून तासाने दूर दिसू लागतात, आणि बॅकअपचा कार्यक्रम हजारो फाइली बदलल्या आहेत असे समजून सगळ्या पुन्हा उतरवत बसतो. विंडोजच्या ‘रोबोकॉपी’ या आज्ञेत हा एक तास दुर्लक्षिण्यासाठी ‘डीएसटी’ नावाचा खास पर्याय याचसाठी दिलेला आहे.

रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचीही नोंद घ्यायला हवी. अमेरिकेत मार्चच्या त्या रविवारी पहाटे अडीच वाजतच नाहीत, कारण १:५९ नंतर थेट ३:०० होतात. नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतात. त्यामुळे अडीचला लावलेला हिशेब वगळला जाण्याचा आणि दीडला लावलेला दोनदा होण्याचा धोका असतो. अशी कामे एक ते तीन या वेळेत लावू नयेत, किंवा सर्व्हरचा टाइम झोनच यूटीसी ठेवून हा प्रश्न उद्भवू देऊ नये.

एवढे करूनही वेळ जुळली नाही तर मदतकेंद्राकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : फरक मिनिटे-सेकंदांसह किती आहे, टाइम झोनचे पूर्ण नाव काय निवडलेले आहे, आणि ‘सोर्स’पुढे काय दिसते. आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत वेळ हाताने बदलू नये.